भिंतीमागचे पाणी

प्रिय बर्नाडेट रोझ कोव्हालिक,

पूर्ण नावाने हाक मारली की तू हातातले काम खाली ठेवायचीस आणि म्हणायचीस, "बोला मास्तर, काय चुकलं माझं?" या वेळी तुझे काहीही चुकलेले नाही. हे पत्र मी हुडाकबाईंच्या शिवणाच्या दुकानावरच्या खोलीत, तुझ्या टेबलाशी बसून लिहीत आहे. होय, ही खोली मला सापडली. कशी सापडली ते क्रमाने सांगतो. क्रम सोडून मला काही सांगता येत नाही, हे तुझ्याइतके कोणाला ठाऊक आहे?

तीन एप्रिलला तू गेलीस, त्याला आज सात आठवडे झाले. तुझी शेवटची दहा मिनिटे मला डोमिनिक फेरान्तेने सांगितली. तोच गवंडी, गुडघ्याने अधू, ज्याला तू म्हातारा बोका म्हणायचीस. इस्पितळात त्याचा डावा पाय मांडीपासून कापलेला होता आणि तो खाटेवर बसून ओरडून सांगत होता, कारण हळू बोलणे त्याला कधी जमलेच नाही. तीन दिवसांची झड लागली होती, टेकडीच्या माथ्यावरचे उशिराचे बर्फही त्यात विरघळले होते. उताराला, नव्या घरांच्या मागे, घरांभोवतीच्या जमिनीचे आराखडे करणाऱ्या तुमच्या ऑफिसने उभी केलेली ती पांढऱ्या दगडाची आधारभिंत. सात फूट उंच, नव्वद फूट लांब. वारा लागू नये म्हणून तिघे गवंडी तिला पाठ टेकून जेवायला बसले होते. "बर्नी गाडीतून उतरली," डोमिनिक म्हणाला, "भिंतीकडे बघितलं, आणि तिचा चेहरा असा झाला क्लेमेंट, जसा मी पिऊन आलो की माझ्या बायकोचा व्हायचा. म्हणाली, उठा. मी म्हटलं, बाई, तोंडातला घास तर गिळू दे. म्हणाली, डोमिनिक, भिंतीला पोट आलंय. मी म्हटलं, पोट मलाही आलंय, मी पडलो का कधी? सगळे हसले. आणि मग त्या बाईनं माझा डबा उचलला आणि रस्त्यावर भिरकावला! माझ्या बायकोनं केलेलं मीटबॉलचं सँडविच! मग त्या दोघांचे थर्मास. ते दोघे शिव्या देत थर्मासमागं धावले. शिवी मीही दिली, फादरसमोर सांगता येणार नाही अशी. पण माझा गुडघा आखडला. ती परत आली. माझ्या काखेत हात घातला आणि म्हणाली, शिव्या देत राहा, पण पाय उचल."

आवाज आधी आला नाही, असे तो म्हणतो. आधी दगडांच्या सांध्यांतून पाणी उडाले, कमरेच्या उंचीवर, पिचकारीसारखे. मग नव्वद फुटांतली चाळीस फूट भिंत एकदम पुढे आडवी झाली आणि तिच्यामागून टेकडीचा चिखल आला. तू डोमिनिकला ढकललेस तेवढ्याने त्याचे धड वाचले. तुझ्या अंगावर किती वजन पडले ते अहवालात आहे. मी ते वाचले आहे, येथे लिहीत नाही. ओळख पटवण्यासाठी त्यांनी मला तुझा चेहरा दाखवला नाही, उजवा हात दाखवला. नखांखाली चिखल होता आणि मधल्या बोटावर पेन्सिलीचा घट्टा. मी म्हणालो, होय, ही माझी पत्नी आहे. त्यांनी सही मागितली, ती मी स्वच्छ अक्षरात केली.

अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवण होते. बायकांनी कोबीच्या पानांत खिमा गुंडाळून होलुब्की केली होती, सारण भरलेले पिरोगी होते, अक्रोडाचा रोल तेरेझामावशींनी स्वतः केला होता, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, उभे राहून. व्हर्नन प्रॉक्टर आला. नऊ वर्षे तुझा साहेब होता. त्याचे येणे रीतीला धरूनच होते. बशी भरून घेतली आणि फादर मिहालिक यांच्याशी बोलू लागला, पण आवाज सगळ्या तळघरासाठी. "गुणी बाई होती. पण खरं सांगू का फादर, परवान्याच्या परीक्षेत दोनदा नापास झाली. पाण्याचा भाग तिला कधी जमलाच नाही. त्या भिंतीचा नकाशा तिचाच. मागं पाइप नाही, समोर भोकं नाहीत. मी विश्वासानं माझ्या परवान्याचा शिक्का मारला. माझी चूक एवढीच, की माणूस ओळखता आला नाही."

बर्नाडेट, मी एकतीस वर्षे मुलांना गणित शिकवले. कोणावर हात उगारला नाही, खडू फेकला नाही. त्या दिवशी मी होलुब्कीच्या मोठ्या भांड्याचे बिडाचे झाकण दोन्ही हातांनी उचलले आणि प्रॉक्टरच्या तोंडावर हाणले. पहिला घाव रागाचा होता असे मी न्यायालयात म्हणू शकतो. दुसरा आणि तिसरा रागाचे नव्हते. ते मी जागा पाहून मारले. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि त्याचा एक दात आंबट सायीच्या वाडग्यात पडला. फादर ओरडले, "क्लेमेंट! झाकण खाली ठेव! देवाच्या घरात आहेस तू!" त्यावर तेरेझामावशी खुर्चीवरून न उठता म्हणाल्या, "हे तळघर आहे फादर, घर वर आहे. क्लेमेंट, आता उजवीकडून." चौथा घाव मी मारला नाही, कारण डोमिनिकच्या त्या दोन साथीदारांनी मला मागून धरले. त्यांनी धरले नसते तर मी थांबलो असतो असे मला वाटत नाही. त्याचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. डॉक्टरांनी वरचे आणि खालचे दात तारेने एकमेकांना बांधून टाकले, सहा आठवड्यांसाठी. मला पोलिसांनी नेले. हातकडी घालणारा शिपाई माझा जुना विद्यार्थी निघाला. तो म्हणाला, "सर, घट्ट होतेय का?" मी म्हणालो, "नियमाप्रमाणे असेल तेवढी घट्ट कर."

लोकांना वाटते, प्रॉक्टर खोटे बोलला म्हणून मी त्याला मारले. मी त्याला मारले ते तो खरे बोलत असेल या भीतीने. आणि या भीतीचे कारण आपल्या स्वयंपाकघरातले आहे, जे आपण दोघांनीही कोणाला सांगितले नाही. तू तर मलाही पुन्हा सांगितले नाहीस.

दुसऱ्यांदा नापास झाल्याचे पाकीट आले तो ऑक्टोबर. चार भागांतले तीन तू पहिल्याच फेरीत काढले होतेस, 'जमिनीचा उतार आणि पाण्याचा निचरा' हा एकच राहिला होता. मी म्हणालो, आता अभ्यास माझ्या पद्धतीने होईल. लगेच टेबल मोकळे केले, तुझी सारी पुस्तके मांडली आणि तीन ढिगारे केले: हवेच, वेळ उरला तर, आणि नको. शाळेत याच पद्धतीने मी मठ्ठातला मठ्ठ मुलगा राज्याच्या परीक्षेतून पार केला होता. सरावाचे पातळ पुस्तक हवेच. समोच्च रेषांची कार्डे हवीतच. उताराच्या गणितांची वही, वेळ उरला तर. आणि तुझे ते जाडजूड पुस्तक, जे तू क्लीव्हलंडच्या एका उमेदवाराकडून आणले होतेस, ते मी 'नको'वर ठेवले. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर अकरा नावे होती. तुम्हा लोकांची रीतच ती, जो उत्तीर्ण होईल त्याने नाव, गाव आणि तारीख लिहायची आणि पुस्तक पुढच्याला द्यायचे. बारावी ओळ तू पेन्सिलीने आखूनच ठेवली होतीस. मी म्हणालो होतो, ही काय देणगीदारांची पाटी आहे?

"क्लेम, ते पुस्तक मला हवंय," तू म्हणालीस. मी तुला आकडे दाखवले. सरावाच्या चारशे बारा प्रश्नांत भिंतीमागच्या पाण्यावर फक्त तीन प्रश्न होते, आणि त्या प्रकरणाची पाने होती एकशे चाळीस. तू म्हणालीस, "मला उत्तर नकोय, मला पाणी कळायला हवंय." मी म्हणालो, "पाणी पास झाल्यावर कळू दे." तू म्हणालीस, "पास झाल्यावर माझ्या हातात शिक्का येईल. मग मला कोण विचारणार, कळलंय का म्हणून?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि उत्तर नसलेला मास्तर किती घातकी असतो ते मला त्या दिवशी कळले. मी पाव कापायची सुरी घेतली, पुस्तक उलटे धरले आणि त्याच्या पाठीचा कणा मधोमध कापला. दोरा तुटताना करकरला. तू माझ्या थोबाडीत मारलीस. मी तुझे मनगट धरले आणि धरूनच राहिलो, तू "सोड" म्हणालीस तरी, दुसऱ्यांदा म्हणालीस तरी. मग मागचा अर्धा भाग बाहेरच्या कचऱ्याच्या पिंपात टाकला आणि झाकण दाबून आत आलो. तुझ्या मनगटावर चार निळ्या रेघा उठल्या होत्या. तू थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत लांब बाह्यांचे कपडे घातलेस. जेवणाच्या टेबलावर तुझ्या बहिणीने विचारले, "इतक्या गरम खोलीत स्वेटर काय घालून बसलीयेस?" तू म्हणालीस, "मास्तरांचं घर आहे, गणवेश लागतो." सगळे हसले. मी टर्की कापत होतो.

त्यानंतर तू शहाण्यासारखी पातळ पुस्तक सोडवत राहिलीस. मंगळवार आणि गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या गायनाला जात होतीस. मला वाटले, मी जिंकलो.

म्हणून अटक झाली तेव्हा, पोलिसांच्या खोलीत बसून, मी एकाच गोष्टीचा हिशेब मांडत होतो. ज्या प्रकरणात भिंतीमागच्या पाण्याची वाट सांगितली होती ते मी माझ्या हातांनी पिंपात टाकले होते. तू नकाशात पाइप काढला नसशील तर तुझ्यावर पडलेले दगड मी रचलेले होते. पाव कापायची सुरी मी अजून वापरतो. टाकून देणे म्हणजे पुरावा नष्ट करणे, असे मला वाटत राहिले.

मी जामिनावर सुटलो तेव्हा पोलिसांनी तुझ्या वस्तू कागदी पिशवीत परत दिल्या. किल्ल्यांच्या जुडग्यात एक किल्ली मला अनोळखी होती, पितळी, निळा दोरा बांधलेली. त्याच आठवड्यात गायनाच्या मुख्य बाई भेटायला आल्या आणि सहज म्हणाल्या, "बर्नाडेट नोव्हेंबरपासून आलीच नाही हो. आम्ही म्हटलं, परीक्षा आहे." मी त्यांना कॉफी दिली, दारापर्यंत सोडले आणि परत येऊन आपल्या पलंगाची तुझ्या बाजूची उशी फाडली. आत पिसेच होती. चार दिवस मी एका माणसाला मनात घडवत होतो. त्याला उंची दिली, मिशा दिल्या, तुझ्या मनगटावर फुंकर घालणारे ओठ दिले. तेवढ्यात हुडाकबाईंचा फोन आला: "बर्नाडेटची वरची खोली ठेवायची आहे, की रिकामी करताय?"

मी गाडीच्या डिकीतून चाक काढायचा लोखंडी पाना घेतला आणि येथे आलो. हुडाकबाई मशीनवर बसल्या होत्या, तोंडात टाचण्या. माझ्या हाताकडे पाहून म्हणाल्या, "पाना कशाला? वरचा नळ नाही गळत." मी विचारले, वर कोण असते. "कोण असणार? ती असायची आणि तिचं पाणी असायचं. माझ्या लग्नाच्या झग्यांवर छतातून थेंब पडायचे! मी झाडूनं छत बडवायचे. ती वरून ओरडायची, हुडाकबाई, पडली, पुन्हा पडली! आणि हसायची. मी समजले, डोक्यानं गेली पोर." बावन्नाव्या वर्षी तुला पोर म्हणणारे कोणीतरी होते, हे ऐकून मला बरे वाटले. पण पाना मी हातातच ठेवला आणि वर गेलो. निळ्या दोऱ्याची किल्ली कुलपाला लागली.

टेबल. दिवा. खुर्ची. आपली लासान्या भाजायची मोठी ट्रे, जी हरवली म्हणून मी तुला महिनाभर टोमणे मारले होते. तिच्यात वाळू भरून उतार केलेला, आणि उताराच्या पायथ्याशी डॉमिनोच्या सोंगट्यांच्या दोन भिंती. एकीमागे खडी आणि सरबत प्यायच्या नळ्या, भोके पाडलेल्या. दुसरीमागे काहीच नाही. शेजारी किटली. आणि टेबलावर ते जाडजूड पुस्तक. दोन्ही अर्धे, रुपेरी चिकटपट्टीने एकमेकांना जोडलेले, मागच्या भागाची पाने ओलीने फुगलेली, कॉफीच्या चोथ्याचे डाग पडलेली. तू पिंपात हात घातला होतास. कधी, ते मला माहीत नाही. पुढचा अर्धा भाग घरच्या फळीवरून कधी गेला, तेही मला कळले नव्हते. जे 'नको'वर गेले त्याकडे मी पुन्हा पाहत नाही.

मी पाना खाली ठेवला, किटली भरली आणि उताराच्या माथ्यावर पाणी ओतले. नळ्यांच्या भिंतीतून पाणी पुढे झरले, भिंत उभी राहिली. दुसऱ्या भिंतीकडे पाहत मी आकडे मोजत होतो. सतराव्या आकड्याला तिच्या पोटात फुगवटा आला, एकोणिसाव्याला ती आडवी झाली. डॉमिनो माझ्या बुटांवर सांडले. खालून छतावर झाडू बडवला गेला. मी, बर्नाडेट, तुझ्या खुर्चीवर बसलो, हाताची मूठ तोंडात कोंबली आणि इतका वेळ चावत राहिलो की अजून तेथे दातांची वळे आहेत.

भिंतीमागच्या पाण्याचे प्रकरण उघडले तेव्हा त्यात नकाशा घडी करून ठेवलेला होता. तुझी पेन्सिल मी ओळखतो. भिंतीमागे खडी, खडीत भोकांचा पाइप, समोर दर सहा फुटांवर एक भोक. सगळे होते. आणि त्यावर लाल पेन्सिलीची आडवी रेघ मारून लिहिले होते: "भोके नकोत. पांढऱ्या दगडावर ओघळ दिसतील. पाइपही काढ." खाली कोपऱ्यात तुझे बारीक अक्षर: "तीनदा सांगितले. शिक्का त्याचा."

तू दररोज माझ्यासमोर जेवत होतीस. हे मला एकदाही सांगितले नाहीस. सांगितले असतेस तर मी काय म्हणालो असतो ते मला ठाऊक आहे. परीक्षा होऊ दे, असे म्हणालो असतो.

चौदा मे रोजी हॅरिसबर्गला राज्याच्या परवाना मंडळापुढे चौकशी झाली. मी काळा सूट घातला होता. डोमिनिक चाकांच्या खुर्चीतून आला, मागच्या रांगेत बसला. प्रॉक्टरचे दात अजून तारेने बांधलेले होते, म्हणून त्याला उत्तरे लिहून द्यायला सांगितले. चौकशीच्या बाईंनी मी पाठवलेला नकाशा पुढे ठेवला आणि विचारले, ही लाल अक्षरे तुमची का? त्याने कागद ओढला आणि झरझर लिहिले: "ही माझी अक्षरे नाहीत. भोके, पाइप हा प्रश्न माझ्यासमोर कधी आलाच नाही." बाईंनी तो कागद घेतला, नकाशाशेजारी ठेवला आणि चष्मा वर सरकवला. मग दोन्ही कागद फिरवून त्याच्याकडे केले. तीच वाकडी उभी रेघ, प्रत्येक शब्दाच्या शेवटी तोच फटकारा, तेच कागद फाडील असे पेन्सिल दाबणे. एखाद्या पोराने 'मी भिंतीवर लिहिले नाही' असे भिंतीवर लिहावे, तसे. मागून डोमिनिक ओरडला, "तोंड बांधलंय तेच बरं झालं! मोकळं असतं तर बोलून सुटला असता!" त्याला बाहेर नेण्यात आले. जाताना त्याने माझ्या खांद्यावर थाप मारली, ती लागली. प्रॉक्टरचा शिक्का त्याच दिवशी काढून घेतला. पुढचे वकील पाहतील.

मला आनंद व्हायला हवा होता. घरी आलो आणि मी त्याला मारलेले तीन घाव पुन्हा आठवले. त्या घावांनीच तुझे नाव स्वच्छ झाले, असे तेरेझामावशी सगळ्यांना सांगत आहेत. मला ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. माझा खटला जूनमध्ये आहे. मी गुन्हा कबूल करणार आहे, कारण तो मी केला आहे. मनगटाचा गुन्हा कोणी दाखल केलेला नाही. तोही मी येथे कबूल करतो.

रविवारी नोरीन आली. तुमच्या ऑफिसातली, तू जिला रेषा बारीक काढ म्हणून ओरडायचीस ती. ती आता दुसरीकडे काम करते आणि ऑगस्टमध्ये परीक्षेच्या याच भागाला बसणार आहे. दारातच म्हणाली, "मि. कोव्हालिक, राग मानू नका. बर्नीची पुस्तकं कुणाला द्यायची असतील तर… आणि त्यातली कुठली वाचू? ती म्हणायची, तुम्ही अभ्यासाचे उस्ताद आहात." मी तिला येथे घेऊन आलो. सवयीने माझे हात तीन ढिगारे करू लागले. पातळ पुस्तक डावीकडे गेलेसुद्धा. मग मी हात मागे घेतले आणि म्हणालो, सगळी ने. तिने जाड पुस्तक उचलले, चिकटपट्टीवरून बोट फिरवले. "हे कुणी फाडलं?" मी म्हणालो, "मी." "का?" "परीक्षेत येत नाही म्हणून." तिने चिकटपट्टीची सुटलेली कड दाबून बसवली. मग तिने विचारले, "आलं का?" मी म्हणालो, "परीक्षेत नाही आलं." तिने पुस्तक छातीशी धरले आणि खिडकीबाहेर पाहत राहिली. माणसे रडतात तेव्हा कोठे पाहावे हे मला अजून कळत नाही. मी ट्रेमधली वाळू सपाट करत बसलो. शुक्रवारी चार वाजता गाडी घेऊन येते, असे सांगून ती गेली. आज शुक्रवार आहे, आणि साडेतीन झाले आहेत.

आता शेवटचे. तेवीस मार्चला मी तुला परीक्षेच्या केंद्रावर सोडले तेव्हा तू गाडीचे दार उघडून, एक पाय बाहेर टाकून म्हणाली होतीस: "निकाल आला की पाकीट तूच उघड. पास असेन तर ऑफिसात फोन कर, मी सगळ्यांसमोर नाचेन. नापास असेन तर फोन नको. तो तुझा मार्कं वाचायचा आवाज मला सोसत नाही, क्लेम. पत्र लिही. नीट, पूर्ण वाक्यांत. मी एकटी असताना वाचेन." मी म्हणालो होतो, असला वेडेपणा मी करणार नाही. पाकीट बुधवारी आले. बर्नाडेट, हे तेच पत्र आहे. थोडक्या गुणांनी राहिलीस. तू मांडलेले कोणी नीट तपासलेच नाही, की मीच तुला चुकीचे पढवले, की तुझे मन त्या दिवशीही भिंतीपाशी होते, ते कागदावर कळत नाही. आयुष्यभर मी निकालावर विश्वास ठेवला. हा निकाल मी घडी घालून खिशात ठेवला आहे आणि त्याचे काय करायचे ते मला सुचत नाही. पण जाड पुस्तकाचे पहिले पान उघडून तू आखलेल्या बाराव्या ओळीवर मी शाईने लिहिले आहे: बर्नाडेट रोझ कोव्हालिक, पिट्सबर्ग, तीन एप्रिल. ज्यांची नावे वर आहेत त्यांची हरकत असेल तर त्यांनी मला कळवावे. माझा पत्ता मी त्याच पानावर खाली दिला आहे.

तुझाच,
क्लेमेंट

ता. क. नोरीन चार वाजून पाच मिनिटांनी आली. पुस्तके तिने दोन फेऱ्यांत खाली नेली, जाड पुस्तक वेगळे, हातात. खिडकी लावली. ट्रे धुऊन पुसून घरी नेत आहे. दाराला कुलूप लावले आणि ते ओढून पाहिले. किल्ल्या, तुझी निळ्या दोऱ्याची आणि खोलीत सापडलेली दुसरी, दोन्ही हुडाकबाईंच्या हातात परत दिल्या.